बांडगुळाचा बडग्या

“आपल्या ले-आउटमधील आम्रवृक्षांना ग्रासणाऱ्या बांडगूळ या परोपजीवी शत्रूचा रहिवाशांनी एकजुटीने समूळ नायनाट केला आणि वृक्षांना नवजीवन प्राप्त करून दिले. दुर्दैवाने वाढते तापमान व मोबाइल टॉवरच्या लहरी यांमुळे फुलपाखरे आणि लहान पक्षी अलीकडे दिसेनासे झाले आहेत, ही चिंतेची बाब आहे.”

आमच्या सोसायटीच्या यंदाच्या स्मरणिकेत, अध्यक्षांच्या मनोगतात, ही दोन वाक्ये लागोपाठ छापलेली आहेत. दोन्ही एकाच हाताने लिहिलेली आहेत आणि लिहिणाऱ्याला एवढेही उमगलेले नाही की दुसऱ्या वाक्यातल्या चिंतेचे कारण पहिल्या वाक्यात दिलेले आहे. मारेकऱ्याने पंचनामा लिहायला बसावे आणि मृत्यूच्या कारणापुढे ‘हवामान’ असे भरावे, त्यातला हा प्रकार आहे.

शिवाय त्यातला ‘समूळ’ हा शब्द खोटा आहे. बांडगुळाचा एक झुबका उरलेला आहे. तो माझ्या आंब्यावर आहे, आणि ज्या फांदीवर आहे ती अध्यक्षांच्या अंगणावर झुकलेली आहे. येत्या पोळ्यापूर्वी ती फांदी उतरवण्यात येईल असे त्यांनी सभेत जाहीर केले आहे. ती उतरावी की राहावी, एवढाच वाद आहे. परंतु हा वाद ज्या गोष्टीतून निघाला ती गोष्ट आता इतक्या जणांनी इतक्या परींनी सांगितली आहे की जो तेथे उभा होता त्याने ती एकदा नीट सांगणे आवश्यक झाले आहे. तेथे मी उभा होतो.

माझी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात झाली. कळमेश्वरपासून हिंगण्यापर्यंतचे बांध मी पायांखाली घातले आहेत. या नोकरीत माणसाला एक सवय लागते. बांधाच्या दोन्ही अंगांना दोन शेतकरी उभे असतात, दोघांच्याही तोंडी आजोबांपासूनची हकीकत असते, दोघेही डोळ्यांत पाणी आणून बोलतात, आणि मोजणीदार दोघांचेही ऐकून घेतो आणि खाली पाहत राहतो. हद्दीचा दगड कोठे आहे ते शोधतो. दगड सापडला की हकीकती संपतात. निवृत्त झाल्यावर मी नागपूरच्या पश्चिमेला, हिंगणा रस्त्याच्या आतल्या अंगाला या ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वसाहतीत, घर बांधले, आणि तेव्हापासून माझे निरीक्षण असे आहे की शेतकरी निदान दगड दाखवल्यावर गप्प बसत असे. सुशिक्षित माणूस दगड पाहिल्यावर दगडाची व्याख्या विचारतो.

हे ले-आउट पडण्यापूर्वी येथे आमराई होती. प्लॉट पाडणाऱ्याने तिची बहुतेक झाडे कापली, रस्त्यांच्या आणि भिंतींच्या ओळीत आली तेवढी ठेवली. त्या उरलेल्या जुन्या आंब्यांवर बांडगूळ होते. ज्यांनी बांडगूळ केवळ शिवी म्हणून ऐकले आहे, त्यांच्यासाठी सांगतो. ते झाडावरचे झाड आहे. आंब्याच्या फांदीत ते आपले मूळ रुतवते, तिच्यातले पाणी घेते, आणि स्वतःच्या जाड हिरव्या पानांत स्वतःचे अन्न करते. ओळखायला सोपे. आंब्याच्या काळपट हिरव्या पसाऱ्यात एक वेगळाच राखट हिरवा झुबका दिसतो. हिवाळ्यात त्याला नारिंगी नळ्यांसारखी फुले येतात. ज्या फांदीवर ते बसते ती फांदी हळूहळू वाळते, हे खरे आहे. मी ते नाकारत नाही. बांडगूळ निरुपद्रवी आहे असे सांगणारा मनुष्य आमच्या अध्यक्षांइतकाच अज्ञानी असतो, फक्त त्याचा आवाज मऊ असतो.

त्या झुबक्यांभोवती दोन जीव असत.

एक हळदीकुंकू नावाचे फुलपाखरू. मिटल्या पंखाने बसले की पिवळ्या जमिनीवर लाल ठिपक्यांची कड दिसते, म्हणून हे नाव. ते शेंड्याशेंड्यांवरून इतके सावकाश उडते की पाहणाऱ्याला त्याची काळजी वाटावी. पण पाखरे त्याला खात नाहीत, कारण त्याची अळी बांडगुळाच्या कडू पानांवर वाढलेली असते आणि ते कडूपण पंख फुटल्यावरही त्याच्या अंगातून जात नाही. दुसरा जीव म्हणजे फुलटोच्या हा पक्षी. अंगठ्याएवढा, मातकट, ज्याच्याकडे कोणी मान वर करून पाहणार नाही असा. तो बांडगुळाच्या मिटल्या कळीला चोचीने चिमटा घेतो तेव्हा कळी फटकन उघडते. त्याचीच फळे तो खातो, आणि चिकट बी बुडाला लोंबू लागले की फांदीला बूड घासून ते पुसून टाकतो. तेथे नवे बांडगूळ उगवते. बांडगुळाचा माळी हा असा आहे. त्याला कोणी सत्काराला बोलावले नाही.

थंडीत सकाळी माझी पत्नी अंगणात तूर नाहीतर वाल निवडत बसे आणि वर पाहून म्हणे, “आले पाहा तुमचे पाव्हणे.” माझे ते कधीच नव्हते. परंतु इतक्या वर्षांत तिचा तो आवाज आणि ती फुलपाखरे या दोहोंची मला सवय झाली होती, आणि म्हाताऱ्या माणसाची सवय मोडणाऱ्याने पूर्वसूचना द्यावी एवढीच माझी अपेक्षा असते.

आता पोळ्याचे सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते हे येथे सांगण्याची गरज नाही. जुन्या शहरात पिवळी आणि काळी मारबत, असे बाईच्या रूपातले दोन पुतळे निघतात, त्यांच्यामागे बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे, निघतात, आणि ज्याला जी पीडा वाटते तिचा बडग्या करून तो मिरवून जाळतो. एखाद्या वर्षी महागाईचा, एखाद्या वर्षी डेंगूचा. आमच्या ले-आउटमधल्या पोरांनी काही वर्षांपूर्वी ठरवले की आपला वेगळा बडग्या काढायचा. आणि पीडा कोणती निवडावी, हे त्यांनी अध्यक्षांना विचारले. ही पहिली चूक. अध्यक्ष निवृत्त अभियंते आहेत; पुष्कळ पूल बांधले असे ते सांगतात. त्यांनी वर पाहिले आणि त्यांना बांडगूळ दिसले.

पोळ्याच्या दिवशी सकाळी शिड्या आल्या, दोर आले, कोयते आले. दुपारपर्यंत एकेका आंब्यावरून बांडगूळ उतरू लागले. फांद्यांसकट. शेवटी मंडळी माझ्या आंब्याखाली आली. तो आंबा माझ्या आणि अध्यक्षांच्या घरांमधल्या भिंतीत आहे. भिंत बांधताना गवंड्याने त्याला वळसा घातला आहे.

“काय भाऊ, तोंड पाडून काहून बसले?” अध्यक्ष भिंतीवरून म्हणाले. “तुमच्याही आंब्याचा रोग काढून देतो. फुकटात.”

“माझ्या आंब्याला रोग नाही.”

“हे काय मंग वर लटकून राहिलं? बांडगूळ म्हणजे रोगच ना जी.”

“रोग पसरतो आणि झाड मारतो. हे बांडगूळ मी घर बांधले तेव्हा होते, आजही तेवढेच आहे, आणि आंबे तुम्ही दर वर्षी खाता.”

“आंबे खातो म्हणूनच तं म्हणतो. अन् झाड भिंतीत आहे, म्हणजे अर्धं माहं आहे. माह्या अर्ध्याचं मी पाहतो.”

यावर वाद घालत बसण्यात अर्थ नव्हता. मी घरात गेलो आणि फीत आणली. ले-आउटचा कोपऱ्याचा दगड माझ्या फाटकाखाली आहे. त्यावर मातीचा थर होता तो पायाने सारला. पत्नीने फितीचे एक टोक धरले. अध्यक्षांनी ज्या भिंतीचा आधार घेतला होता ती भिंत त्यांच्याच देखरेखीखाली बांधलेली होती, आणि ती माझ्या बाजूला इतकी सरकलेली निघाली की आंब्याचे खोड तर माझेच, पण त्यांच्या तुळशीची अर्धी कुंडीही माझ्या जागेत होती. कुंडीचे मी काही बोललो नाही. पुलांची मात्र मला त्या क्षणी काळजी वाटली.

पोरे हसू लागली. “काकाजी, तुम्ही तं बांडगुळाचे वकील झाले!”

“वकील अशिलाचे ऐकून बोलतो,” मी म्हणालो. “मी मोजून बोलतो.”

“बरं, खोड तुमचं,” अध्यक्ष म्हणाले. “फांदी तं माह्या अंगणावर येऊन राहिली ना?”

“उन्हाळ्यात तिच्या सावलीत खाट टाकता तेव्हा फांदी कोणाची ते विचारता का?”

तेवढ्यात चौकातून डफड्याचा आवाज आला आणि पोरे शिडी घेऊन तिकडे धावली. तो झुबका त्या दिवशी वाचला तो माझ्या युक्तिवादाने वाचला असे मी म्हणणार नाही. फितीने आणि डफड्याने वाचला.

दुसऱ्या दिवशी बडग्या तयार झाला. पोटात तणस, अंगात कोणाचा तरी फाटका सदरा, आणि डोक्याचे केस व छातीपर्यंत आलेली दाढी सगळी बांडगुळाच्या डहाळ्यांची. गळ्यात पुठ्ठा: ‘मी बांडगूळ, दुसऱ्याच्या जिवावर जगतो’. अध्यक्षांनी नारळ फोडला. मिरवणूक माझ्या फाटकासमोर आली तेव्हा पुढे चालणारी एक सून किंचाळली.

“अवं माय! याच्या दाढीत अळ्या हायेत वं!”

“असू दे ना वं,” तिच्या मागची हसत म्हणाली. “त्याइलेही घेऊन जाईल मारबत.”

मी पुढे होऊन पाहिले. पिवळट, केसाळ अळ्या होत्या, एकमेकींना चिकटून, ओळीने पान खात. लोकांना जी दाढी वाटत होती तो त्यांचा पाळणा होता. त्या मिरवणुकीतल्या डफड्याचाही त्यांना पत्ता नव्हता. त्या जेवत होत्या.

“हे हळदीकुंकू आहे,” मी अध्यक्षांना म्हणालो. “यातून ती फुलपाखरे होतात. तुम्ही बांडगूळ जाळत नाही आहात, यांना जाळता आहात.”

“फुलपाखराले काय कमी आहे, भाऊ? एवढी हिरवळ आहे आपल्या इथी. कडीपत्ता खाईल, जास्वंद खाईल. भूक लागली की काहीही खाते.”

“माणूस खातो.”

“मंग किडा काय मानसाहून शहाणा आहे का?”

यावर मोठा हशा झाला. मी हात घालून दाढीची एक मूठ उपटली. “काकाजीनं बडग्याची दाढी उपटली रे!” असा गलका उठला, एकाने मोबाइलवर चित्र काढले, आणि ते चित्र अजूनही सोसायटीच्या ग्रुपवर दर पोळ्याला फिरते. त्यात मी हातात डहाळी धरून चिडलेला दिसतो. चित्र खरे आहे. त्याखाली जे लिहितात ते खोटे आहे: ‘काकाजींचा मारबतीला विरोध’.

मोकळ्या प्लॉटवर त्यांनी तो बडग्या पेटवला. “ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!” ओले बांडगूळ धड जळेना, धूर फार झाला. अध्यक्षांनी रॉकेल मागवले.

घरी आल्यावर मी पत्नीला म्हणालो की या अळ्या बांडगुळाखेरीज काही खात नाहीत. ती म्हणाली, “तुम्ही म्हणता म्हणून का खरं होते? अध्यक्ष म्हणते ते देऊन तं पाहा ना.” माझ्या आयुष्यात मला खरा विरोधक एकच भेटला, आणि तो माझ्याच घरात आहे.

तेव्हा आम्ही तसे केले. स्वयंपाकघरातल्या पोळीच्या डब्यात काही अळ्या बांडगुळाच्या डहाळीवर राहू दिल्या. दुसऱ्या डब्यात काही अळ्या आंब्याच्या कोवळ्या पानांवर, कडीपत्त्यावर आणि जास्वंदीवर ठेवल्या. पाने रोज ताजी, धुतलेली. झाकणांवर मलमलीचा तुकडा. बांडगुळावरच्या अळ्या खात राहिल्या. दुसऱ्या डब्यातल्या अळ्यांनी पानांच्या कडा चाचपल्या, या पानावरून त्या पानावर फिरल्या, परत फिरल्या, आणि मग फिरण्याचे थांबवले. आंब्याचे पान ज्याच्या रसावर ते बांडगूळ वाढले त्याच झाडाचे होते. तेसुद्धा त्यांना चालले नाही. पत्नी रोज सकाळी डबा उघडून पाहत असे. एके दिवशी तिने तो धुऊन पालथा घातला आणि म्हणाली, “हिरव्या पानावर बसून उपाशी मेल्या, बाप्पा.” त्यानंतर तिने माझ्याशी या विषयावर वाद घातलेला नाही. एवढा एकच वाद मी तिच्याशी जिंकलो आहे, आणि मला तो जिंकायला आवडला नाही.

उरलेल्यांसाठी मी आंबे उतरवण्याची आकडी काढली. तिच्या टोकाला ती डहाळी बांधली आणि झुबक्याला टेकवून धरून उभा राहिलो. खांदे भरून आले. अळ्यांना घाई नव्हती. पलीकडून अध्यक्षांच्या पत्नीने विचारले, “काय करून राहिले हो, भाऊजी?” मी म्हणालो, “पाव्हणे पोचवून राहिलो, वहिनी.” त्या अंगाने जाड आणि स्वभावाने भल्या आहेत, त्यांनी नवऱ्याला काही सांगितले नसावे.

आता मनोगतातले पहिले वाक्य घेऊ. ‘वृक्षांना नवजीवन’. हे आंबे पूर्वी एक वर्ष मोहरत आणि एक वर्ष विसावा घेत. आजही तेच करतात. बांडगूळ काढल्याने एकही कैरी अधिक लागलेली मला दिसली नाही आणि कोणाला दिसली असल्यास त्याने झाड दाखवावे. कोयत्याने फांद्या जेथे चिरफाळल्या तेथे मात्र खोडात पाणी मुरून पोकळ्या पडल्या आहेत. त्यांत मुंग्या राहतात. हे नवजीवन असेल तर ते मुंग्यांना प्राप्त झालेले आहे.

दुसरे वाक्य. त्या हिवाळ्यात ले-आउटमध्ये हळदीकुंकू दिसले नाही. माझ्या आंब्याभोवती दोन-चार तेवढी दिसली. पुढच्या हिवाळ्यात पत्नीने एकदा वर पाहिले आणि ती पुन्हा वाल निवडू लागली. फुलटोच्याचे ‘चिक् चिक्’ मला प्रथम ऐकू येईनासे झाले तेव्हा मी कानांच्या डॉक्टरकडे गेलो. कान ठीक होते. त्या पाखराला अख्ख्या ले-आउटमध्ये एक झुबका पुरत नाही. त्याला एका झुबक्याकडून दुसऱ्याकडे जायचे असते, आणि दुसरा नव्हता. तो गेला. आणि तो गेला म्हणजे बी पुसणारा गेला. त्यामुळे माझ्या आंब्यावरचे बांडगूळ उद्या म्हातारे होऊन वाळले तर त्याच्या मागे दुसरे उगवणार नाही. बांडगूळ गेल्याने पाखरू गेले, पाखरू गेल्याने उरलेल्या बांडगुळाला वारस नाही, आणि त्याला वारस नाही म्हणून फुलपाखराला उद्याचे घर नाही.

मोजणीत हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. कोपऱ्यावरचा दगड एका शेताचा नसतो. चार शेते तेथे भेटतात. एखादा शहाणा आपल्या नांगराला आड येतो म्हणून तो उपटतो, आणि त्याला वाटते आपण आपल्याच शेतातला एक धोंडा काढला. पुढच्या पावसाळ्यात चार घरे कचेरीत उभी असतात आणि कोणालाच आठवत नाही की भांडण कोठून सुरू झाले. फुलपाखरे मोजणीचा अर्ज करीत नाहीत, म्हणून अध्यक्षांचे फावले.

दरम्यान अध्यक्षांची कारणे बदलत गेली. आधी ते म्हणाले, ऊन वाढले. नागपुरात उन्हाचे कारण सांगणाऱ्याचे मला नेहमीच कौतुक वाटते. या फुलपाखराच्या पिढ्यान् पिढ्या येथल्या वैशाखात निभावल्या, आणि ज्या वर्षी त्यांचे पान जाळले नेमके त्याच वर्षी त्यांना ऊन लागले! मग ते म्हणाले, कोणीतरी फवारणी केली. कोणी, ते सांगेनात. मग त्यांनी कोठेतरी वाचले आणि टॉवरच्या लहरी आल्या. लहरी दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत, आणि त्यांना कोयता धरता येत नाही; अशा आरोपीइतका सोयीचा आरोपी दुसरा नाही.

माझ्याबद्दलच्या हकीकतींचेही येथेच पाहून घेतो. एक म्हणते, काकाजींना म्हातारपणात पाखरांचे वेड लागले. मला पाखरांची फारशी आवड नाही. ती पहाटे झोपू देत नाहीत. दुसरी म्हणते, हे भिंतीच्या जागेवरून आहे. जागेवरून असते तर ती कुंडी आज तेथे नसती. तिसरी हकीकत अध्यक्षांनी सभेत मोठ्या सौम्यपणे सांगितली, “भाऊंच्यात मारबत नसते ना, म्हणून त्याइले वाईट वाटलं.” माझ्या वडिलांनी दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली तेव्हा मी वडिलांचे बोट धरून उभा होतो, आणि तेव्हापासून आमच्या घरी ईडापीडा जाळत नाहीत, हे खरे आहे. पण त्याआधी मारबतीमागे धावलेल्या पोरांत मीही होतो, आणि पुढेही रस्त्याच्या कडेला उभा राहून मी ती पाहिली आहे. महागाईचा बडग्या पाहून मी हसलो आहे. मारबतीला माझा विरोध नाही. महागाई जळून जात नाही, एवढे तेथे सर्वांना ठाऊक असते. हे शहाणे मात्र खरीखुरी वस्तू जाळून बसले.

आणि चौथी हकीकत तोंडावर कोणी सांगत नाही, पण मला ती ऐकू येते. कान ठीक आहेत हे वर सांगितलेच. बांडगूळ हा शब्द कचेरीत मी जेथे-जेथे बढतीवर गेलो तेथे माझ्या पाठीमागे उच्चारला गेला. तेव्हा म्हाताऱ्याला त्या झाडाचा कळवळा येणारच, असा तिचा आशय. ज्याला त्या झाडात आणि माझ्यात साम्य दिसते त्याने दोन्ही कधी नीट पाहिलेली नाहीत. मला बांडगुळाचा कळवळा नाही. ते फांदी वाळवते, हे मी पुन्हा सांगतो. मला राग आहे तो एवढ्याचाच, की एका नावाने हाक मारली की ती वस्तू कोणाकोणाच्या उपयोगाची आहे हे पाहण्याचे कष्ट या लोकांना घ्यावेसे वाटत नाहीत.

गेल्या महिन्यातल्या सभेत अध्यक्ष म्हणाले, “एका झुबक्यासाठी एवढं काय लावलं, भाऊ? एकानं काय होते?”

“तोच प्रश्न तुम्हाला,” मी म्हणालो. “एकाने काही होत नसेल तर राहू द्या.”

“तसं नाही. समूळ म्हणून छापलं ना आपण. लोक विचारतात.”

छापले ते खरे व्हावे म्हणून फांदी कापायची! खोटे सातबारे तयार करणारे मी पाहिले आहेत. पण सातबाऱ्याला जुळावी म्हणून जमीनच हलवणारा मनुष्य मला उतारवयात पाहायला मिळाला. मी सभेला एवढेच म्हटले की फुलपाखरे टॉवरने गेली असतील तर बांडगूळ राहिले काय आणि गेले काय, सारखेच. आणि बांडगूळ काढल्याने गेली असतील तर ही फांदी उतरवल्यावर त्यांना या ले-आउटमध्ये जागा उरणार नाही, पुन्हा आणायची म्हटली तरी. तेव्हा आधी दोहोंपैकी कोणते, ते ठरवा. मागून एक पोरगा म्हणाला, “काकाजी, ते ठरवणार कसं पण?” अध्यक्ष म्हणाले, हा शास्त्रज्ञांचा विषय आहे.

हा शास्त्रज्ञांचा विषय नाही. मान वर करण्याचा आहे. आपल्या ले-आउटमध्ये मोबाइलचा टॉवर एकच आहे, आणि तो कोठे आहे हे अध्यक्षांनी मनोगतात लिहिलेले नाही, म्हणून मी लिहितो. तो त्यांच्या स्वतःच्या गच्चीवर आहे. सकाळी त्याची सावली माझ्या आंब्याच्या ज्या फांदीवर पडते तीच ही फांदी. आणि गेल्या हिवाळ्यात साऱ्या ले-आउटमध्ये हळदीकुंकू दिसले ते फक्त त्या सावलीत, तेथल्या बांडगुळाच्या पानामागे अंडी घालताना.